नुसतं 'टेन्शन आहे' म्हणू नको

तुझा रात्री अडीचचा मेसेज मी सकाळी बघितला आणि लगेच फोन लावला, तू उचललास तेव्हा जीवात जीव आला. पण "काही नाही दादा, जरा टेन्शन आहे" एवढंच म्हणालास. हेच शब्द मी पण वापरायचो, म्हणून तुझ्याकडे निघण्याआधी लिहितोय.

मी सदाशिव पेठेत एमपीएससी करत होतो. दुसऱ्यांदा मेन्समध्ये राहिलो आणि नंतर मेसचा डबा तसाच पडून राहायला लागला, अभ्यासिकेत एकच पान तासभर उघडं, पहाटे चारला जाग यायची की पुन्हा झोप नाही. आई फोनवर विचारायची जेवलास का, मी म्हणायचो हो. रूममेटला सांगितलं टेन्शन आहे, आणि त्या पेठेत टेन्शन कुणाला नसतं, तो म्हणाला चल चहा घेऊ. त्याची चूक नव्हती, मी सांगितलंच तेवढं. मग एका रात्री मला स्वतःचीच भीती वाटली, त्याला उठवलं आणि म्हणालो, मला मरावंसं वाटतंय, मला एकटं सोडू नको. तो ताडकन उठून बसला. उपदेश नाही, काही नाही, सकाळपर्यंत शेजारी बसला आणि मग ओपीडीत घेऊन गेला.

तसं स्पष्ट वाक्य तू बोलायला पाहिजेस. आल्यावर मी तुला सरळ विचारणार आहे की जीव द्यायचे विचार येतायत का. असं विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो, त्यामुळे खरं सांग, मी रागावणार नाही आणि तुला न विचारता गावभर पण करणार नाही. पण जिवाला धोका वाटला तर घरच्यांपासून लपवणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

मी पोचेपर्यंत असह्य झालं तर १४४१६ लाव. टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास चालू आणि मराठीत बोलता येतं. अगदीच हाताबाहेर जातंय असं वाटलं तर १०८ किंवा ११२, नाहीतर मित्राला घेऊन सरळ जवळच्या कॅज्युअल्टीत जा. ज्याने स्वतःला इजा होईल असं काही रूमवर असेल तर ते आत्ताच मित्राच्या ताब्यात दे. अशी लाट येते तेव्हा वाटतं हे कायमचंच आहे, पण ती ओसरते रे, तेवढा वेळ मधे काढायचा असतो.

आणि डॉक्टर. आपल्याकडे चेष्टेत म्हणतात ना, येरवड्याला न्या याला, त्यामुळे मानसोपचार म्हणजे तेवढंच असं डोक्यात बसतं. ससूनसारख्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात मानसोपचाराची साधी ओपीडी असते, ताप आल्यावर काढतो तसाच केसपेपर काढायचा. माझ्या पहिल्या डॉक्टरने पाच मिनिटांत गोळ्या लिहून पाठवलं, मी खचलो होतो, पण दुसऱ्या डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. डिप्रेशनच्या गोळ्यांचा फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागू शकतात. सुरुवातीला जास्त बेचैन वाटलं किंवा मरायचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद नाही करायच्या. मी केल्या होत्या, महिना वाया गेला.

पोलीस केस होईल का, ही भीती असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आहे. ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो तीव्र तणावात होता असंच धरतात, शिक्षा नाही, उलट उपचार देणं सरकारचं काम. तू तर अजून फक्त बोलणार आहेस.

परीक्षा, फॉर्म, घरी काय तोंड दाखवू, हे सगळं आठवडाभर माझ्याकडे दे. मी सातच्या सुमारास स्वारगेटला उतरेन. तोवर मित्राच्या रूमवर बस, त्याला ते वाक्य सांग, आणि थोडा वरणभात तरी खा.