जुन्या घराच्या लाकडापासून भाजीचे वाफे करावेत, की सिमेंटचेच बांधावेत?

लाकडाचे करा. जुनं लाकूड सरपणाच्याच लायकीचं असतं, असं ज्याने तुम्हाला सांगितलं त्याने वासा कापून आत पाहिलेला नाही. तुम्ही लिहिलंय की आजोबांचं घर उतरवताय, 15-20 वासे आणि दोन दारं निघतील, आणि एक व्यापारी सगळं उक्तं न्यायला तयार आहे. हे शेवटचं वाचलं आणि राहवेना.

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. मातीच्या भिंती, मंगलोरी कौलं, ऐन-किंजळ या कठीण जंगली लाकडांचे वासे, फणसाची दारं, माजघराची चौकट सागाची. स्लॅबचं घर बांधायचं ठरलं तेव्हा दादाने ओटीचं आणि माजघराचं लाकूड उक्तं देऊन टाकलं. एकही वासा मोजला नाही. व्यापाऱ्याने म्हणायचं "काळं पडलंय, वाळवी लागलीय", आणि आमच्या माणसांनी माना डोलवायच्या. मी म्हटलं, टेप आणते, मोजू या. तर दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "लग्न होऊन गेलीस, आता लाकडांत कशाला लक्ष घालतेस?" मागच्या पडवीचं लाकूड मात्र मी सोडलं नाही. टेम्पो करून चिपळूणला आणलं.

काळं का पडलं होतं? पडवीत पाणी तापवायची चूल होती, तिचा धूर. रंधा मारल्यावर वरचा काळा पापुद्रा गेला आणि खालून ऐनाचा तपकिरी, गडद रेघांचा गाभा निघाला. वाळवी होती, पण कडेच्या पांढऱ्या भागात. गाभ्याला तिने तोंड लावलं नव्हतं. वळचणीकडची टोकं पावसाने कुजली होती, ती हातभर कापून टाकली. बाकी लाकूड खणखणीत. आमच्या शेजारचे सुतारकाका, ज्यांनी मला रंधा धरायला शिकवला, ते तुकडा हातात घेऊन म्हणाले, "असा ऐन आता मागून मिळायचा नाही." खरंच आहे ते. वखारीत आज मिळणारा साग बहुतेक कोवळ्या झाडाचा असतो, त्यात पांढरा भागच जास्त, आणि वाळवी आधी तोच खाते. तुमच्या आजोबांच्या घरातलं लाकूड जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडांचं आहे. ते विकून नव्या फळ्या आणणं हा शुद्ध तोटा आहे.

काम करताना पहिली लढाई खिळ्यांशी. अंबुराने दिसतील तेवढे काढा, मग लोहचुंबक फिरवा आणि त्यानंतरच रंधा. एक खिळा आत राहिला तरी पात्याची धार गेली. ऐन इतका कठीण की आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू घेत नाही, जोर केलात तर डोकं तुटून हातात येतं. कोपऱ्यात वाशाचाच तुकडा उभा करून त्याला फळ्या आवळल्या. रुंदी साडेतीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो, खोली फूटभर. तळाला फटी ठेवून रीपा मारल्या आणि वाफा जांभ्याच्या चिऱ्यांवर उचलून ठेवला. आपल्याकडे कोकणात पाऊस 3000 मिलिमीटरच्या वर जातो. जमिनीवरच्या वाफ्यातली माती वाहते, मुळं कुजतात. उचललेल्यातून पाणी निथळतं. तळाला नारळाची सोडणं, त्यावर पालापाचोळा, वर माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. पावसात पडवळ आणि शिराळी मांडवावर, दिवाळीच्या सुमारास लाल माठ आणि मुळा. पहिलं पडवळ मी मुद्दाम दादाकडे पाठवलं.

सिमेंटचा वाफा उन्हात तापतो आणि चुकीच्या जागी बांधला की तिथेच राहतो. लाकडाची एक फळी गेली तर एकच बदलायची.

आता जपायच्या गोष्टी. ओल्या मातीला लागून राहणारं कुठलंही लाकूड कधीतरी कुजणारच, ऐन-किंजळ उशिरा एवढंच. आंब्याच्या फळ्या यासाठी घेऊच नका. वाळवीसाठी जळकं ऑइल किंवा डांबर फासायची सवय आहे लोकांना; खायची भाजी लावणार असाल तर अजिबात नको. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर क्रिओसोट या डांबरी, विषारी तेलात मुरवलेले असतात, तेही नकोत. पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर, एमबी असा शिक्का असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, सोडून द्या. एचटी म्हणजे फक्त उष्णता दिलेली, ते चालेल. तुमची दारं रंगवलेली असतील तर मातीजवळ नेऊ नका, कोरड्या सॅंडपेपरने घासूही नका. रंगातलं शिसं 90 पीपीएमपर्यंतच, म्हणजे दहा लाखांत 90 भागच, असावं हा नियम भारतात 2017 मध्ये लागू झाला, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही.

आणि उरलेलं विकायचंच असेल तर मोजून विका. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत. तिघांचा गुणाकार करून 144 ने भागा, घनफूट निघतं. 10 फुटी, 4 बाय 3 इंची वासा म्हणजे 0.83 घनफूट. असे वीस धरले तर साडेसोळा घनफुटांच्या वर लाकूड आहे तुमच्याकडे. घर वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, लग्न झालेलं असो वा नसो. तुम्हाला बहीण असेल तर व्यापाऱ्याला होकार देण्याआधी तिला फोन करा.