आयसीयूत नवीन आहेस ना, मग सेंट्रल लाइनचं (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं) आत्ता एवढंच बघ

अगं घाबरू नकोस, आणि सगळं एकदम शिकायला पण जाऊ नकोस. कोटेड लाइन, अँटिबायोटिक लॉक वगैरे नंतर. आत्ता फक्त हब, म्हणजे लाइनचं सिरिंज जोडायचं तोंड. लाइन टाकताना सगळे गाऊन-मास्क घालून काळजी घेतात, पण नंतर दिवसभर तीच लाइन आपण सारखी उघडत असतो आणि जंतू तिथूनही आत शिरतात, म्हणून दर वेळी आधी हात स्वच्छ करायचे, मग अल्कोहोल स्वॅबने हब १५ सेकंद घासायचा आणि वाळू द्यायचा. नवीन मुली नुसतं पुसल्यासारखं करतात आणि ओल्यावरच सिरिंज लावतात, ते नको.

बाकी दोन गोष्टी:

- ट्रान्सपरंट ड्रेसिंग ७ दिवसांनी, गॉज असेल तर २ दिवसांनी. पण कड सुटली, ओलं झालं तर लगेच बदल, ड्यू डेटची वाट बघू नको.
- रोज राउंडला विचार, "सर, ही लाइन अजून हवीय का?" कोणी वैतागेल, वैतागू दे. अमेरिकेत मिशिगनच्या आयसीयूंमध्ये पाच साध्या गोष्टींनी इन्फेक्शन्स खूप कमी झाली होती, त्यातली ही एक.

आणि फ्लश केल्यावर, म्हणजे सिरिंजने सलाइन सोडून लाइन धुतल्यावर, पेशंटला हुडहुडी भरली तर थांब, लगेच डॉक्टरांना बोलव.