खिल्लार गाय वर्षाआड का विते?

(पशुपालकांचे प्रश्न, पशुवैद्यक डॉक्टरताईंची उत्तरे)

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझ्याकडं खिल्लारच्या चौदा गाया हायत. वळू कळपातच असतो. गाया वर्षाआड विताहेत. मागं दोन-तीन गायींना माजावर यायची इंजेक्शनं दिली, काही फरक नाही. खोंडं मात्र एक नंबर होतात, शर्यतवाले दारात येऊन बघून जातात. वळूच बदलू का?
– एक पशुपालक, सांगोला तालुका

उत्तर : दादा, वळूकडे नंतर येऊ. तुमच्या पत्रात मला महत्त्वाचं वाटलं ते खोंडांचं वाक्य. तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्या भागातली रीत मला माहीत आहे. गोऱ्हा झाला की तो दहा-अकरा महिने आईपाशी मोकळा आणि थेंबन्‌थेंब दूध त्याचं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवला, तेव्हापासून तर ही रीत आणखी घट्ट झाली आहे. गाय माजावर न येण्याचं पहिलं कारण मला इथेच दिसतं.

वासरू दिवसभर सडाला लागतं, आई त्याला हुंगते, चाटते. तेवढ्यानेच गायीच्या मेंदूतून अंडाशयाकडे जाणारा इशारा दबून जातो. अंडाशयात पुटिका, म्हणजे बीज धरणारा पाण्याचा फोड, वाढते, पण फुटत नाही. बीज सुटत नाही म्हणून माज नाही. संकरित गायीपेक्षा आपल्या वशिंडाच्या गायीत हा दाब जास्त काळ टिकतो, आणि गाय रोडावलेली असेल तर आणखी लांबतो.

आता हिशोब करा. देशी गायीचा गाभणकाळ साधारण २८५ ते २९० दिवस. वर्षाला वासरू हवं तर व्याल्यापासून अडीच महिन्यांत ती गाभण राहिली पाहिजे. खिल्लारकडून मी तो हट्ट धरत नाही. १४-१५ महिन्यांनी वेत मिळालं तरी आपल्या कोरडवाहू भागात उत्तम. पण त्यासाठीसुद्धा ती साडेचार-पाच महिन्यांत फळली पाहिजे. अकरा महिने पाजलं तर हे जमायचं कसं?

मंगळवेढ्याकडच्या एका गोठ्यात अशीच गाय दाखवली होती. दुसऱ्या वेताची, रंगाने कोशी, दावणीला शेजारी जवळजवळ तिच्याएवढा खोंड. मालकाची तक्रार, वांझ झाली. हात घालून तपासलं तर गर्भाशय निरोगी, दोन्ही अंडाशयं लहान आणि गुळगुळीत. मोठी पुटिका नाही, पीतपिंड (पुटिका फुटून बीज सुटल्यावर तिथे बनणारी गाठ) नाही. पाठीमागून पाहिलं तर माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना खड्डे, फासळ्या लांबूनच मोजाव्यात अशा. गायीत रोग काहीच नव्हता. खोंडाचं दूध तोडलं, पेंड सुरू केली आणि पावसाळ्याचा हिरवा चारा मिळाल्यावर ती आपणहून माजावर आली.

तुमच्या इंजेक्शनांचंही तेच. माजावर आणण्यासाठी सर्रास जे दिलं जातं ते पीतपिंड विरघळवतं. अंडाशयावर पीतपिंडच नसेल तर ते करणार काय? आणि गाय गाभण असताना ते दिलं तर गर्भ पडतो. वळू कळपात मोकळा आहे, म्हणजे तुमची कुठलीही गाय कधीही गाभण असू शकते. तपासल्याशिवाय सुई टोचू देऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

करायचं असं. पहिले दोन महिने वासराला पोटभर पिऊ द्या. तिसऱ्या महिन्यापासून त्याला वेगळं बांधा, आईला दिसणार नाही अशा ठिकाणी, आणि सकाळ-संध्याकाळ दोनदाच सोडा. सोबत भरडा, थोडी पेंड, कोवळा लसूणघास द्या. ते रवंथ करू लागलेलं असतं, चाऱ्यावर वाढतं. पाच-सहा महिन्यांचं झालं की दूध तोडा. खोंड खुरटेल ही भीती मी पुष्कळांकडून ऐकते. खुराक नीट असेल तर सहा महिन्यांचं तोडलेलं वासरू खुरटत नाही. खुरटतं ते दूध तोडून नुसत्या कडब्यावर सोडलेलं.

दुसरी गोष्ट चाऱ्याची, आणि ती विण्याच्या आधीची आहे. गाय मृगाच्या आगेमागे विते, म्हणजे पोटातलं वासरू सगळ्यात जास्त वाढतं ते चैत्र-वैशाखात, जेव्हा आपल्याकडे माळावर काडी नसते. ती तिथेच झिजते आणि व्याल्यावर अंडाशय गप्प बसतं. एप्रिल-मे महिन्यांत गाभण गाईला रोज किलो-दीड किलो सरकी पेंड आणि खनिज मिश्रण द्या. कडब्याची कुट्टी करून युरियाची प्रक्रिया करा : शंभर किलो कोरड्या कुट्टीला चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथराने शिंपडून, प्लास्टिकखाली हवाबंद एकवीस दिवस. उघडल्यावर वास उडेपर्यंत पसरून ठेवा आणि सुरुवात थोड्यापासून करा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना ती घालू नका. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागेल असं उघडं ठेवू नका, विषबाधा होते.

आता वळू. चौदा गायींना एक वळू भरपूर झाला, पण तो सक्षम हवा. दोन्ही वृषणं सारखी, घट्ट आणि पिशवीत मोकळी हलणारी आहेत का, हे डॉक्टरांकडून बघून घ्या, टेपने घेर मोजा, वीर्य तपासा. २०२२ च्या लम्पीत त्याला गाठी आल्या होत्या का? काही वळू त्यातून कायमचे निकामी होतात. साध्या मोठ्या तापाचाही परिणाम दोन महिने राहतो, कारण नवीन शुक्राणू तयार व्हायला तेवढे दिवस लागतात. आणि तो कळपात तीन वर्षांपेक्षा जास्त असेल तर दोष नसला तरी बदला. त्याच्याच कालवडी माजावर यायची वेळ झालेली असते, आणि बाप-लेकीचा संयोग नको.

प्रश्न : देशी गाय माजावर आलेली कळतच नाही. रेतन करायला माणूस येईपर्यंत माज गेलेला असतो. काय करावं?
– वाचक, अक्कलकोट तालुका

उत्तर : देशी गायीचा माज थोडक्यात उरकतो, बहुतेक वेळा दहा-बारा तासांत, आणि पुष्कळदा रात्रीच. हंबरणं कमी, म्हणून आपण त्याला मुका माज म्हणतो. पहाटे धार काढायच्या आधी आणि रात्री निजायच्या आधी गोठ्यात नुसतं उभं राहून बघा. शेपटीला, मांडीला काचेसारखा बळस, म्हणजे माजातला चिकट स्राव, चिकटलेला दिसतो. बळस पांढरा किंवा पिवळसर असेल तर रेतन नको, आधी गर्भाशयाचा उपचार. पहाटे दिसली तर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत रेतन करून घ्या. तारीख भिंतीवर लिहा आणि अठराव्या दिवसापासून पुन्हा लक्ष ठेवा, म्हणजे गाय उलटली, गाभण न राहता पुन्हा माजावर आली, तर हातची जाणार नाही.

प्रश्न : माझा भाचा ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला असतो. तो म्हणतो, तिकडं हजारो गायींच्या कळपात गाभण तपासणी करतात आणि रिकामी गाय विकून टाकतात, म्हणून कळप सुधारतो. आपल्याला यातलं काय घेता येईल?
– एक शेतकरी, पंढरपूर तालुका

उत्तर : बरंच घेता येईल. तिकडच्या ब्राह्मण गायी मुळात आपल्याच. ओंगोल, कांकरेज, गीर आणि आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली यांच्यापासून अमेरिकेत ती जात घडली आणि १९३३ मध्ये तिथून क्वीन्सलँडला गेली. ऊन, गोचीड, वाळका चारा सोसते, आणि व्याल्यावर उशिरा माजावर येण्याची खोडही तीच. त्यांचे उपायही वर सांगितलेलेच : वासरू लवकर तोडणं, वळूची तपासणी, आणि वेत पावसाच्या तोंडावर येईल असा हंगाम धरणं.

रिकामी गाय मांसासाठी विकणं ही मात्र त्यांची व्यवस्था आहे. आपल्या राज्यात २०१५ पासून संपूर्ण गोवंश हत्याबंदी आहे, आणि खिल्लार ही मुळातच मांसाची नव्हे, ओढकामाची जात आहे. गाय काढून टाकून निवड करणं आपल्याला तेवढं शक्य नाही, म्हणून आपली सगळी निवड वळूतून झाली पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधनात दिसलं आहे की पाजत असताना लवकर माजावर येण्याचा गुण ब्राह्मण गायींत बऱ्याच अंशी रक्तातून उतरतो. आपण वळू निवडताना शिंगं, वशिंड, रंग, चाल बघतो, पण त्याच्या आईच्या वेतांचा हिशोब विचारत नाही.

कार्तिकीला वाखरीच्या बाजारात वळू बघाल तेव्हा मालकाला विचारा : याची आई किती वर्षांची, किती वेतं झाली, याच्या पाठचं वासरू किती महिन्यांनी झालं? उत्तर नीट मिळालं नाही तर सौदा तिथे करू नका, त्याच्या गोठ्यावर जाऊन आई आणि तिची वासरं बघून या.