दूध तोडलेल्या वराहपिलांना गव्हाचा कोंडा दिला तर हगवण थांबेल का?

थांबेलच असं नाही, पण कमी होऊ शकते. दूध तोडल्यावर पहिले दोन आठवडे खाद्यात ३-४ टक्के कोंडा मिसळा, जास्त नको, नाहीतर पिलं खाद्य कमी खातात. मोठ्या आतड्यात कोंडा आंबतो, तिथले जिवाणू त्यापासून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि आतड्याच्या अस्तराला त्यातूनच ताकद मिळते. कोंडा जाडसरच ठेवा, दळून पीठ करू नका. युरोपीय संघात २०२२ पासून पिलांची हगवण रोखायला खाद्यात घालायच्या औषधी मात्रेतल्या झिंक ऑक्साइडवर (जस्ताच्या संयुगावर) बंदी आली, तेव्हापासून तिकडे असल्या चोथ्या-कोंड्याला भाव आलाय.

मूठभर कोंडा नाकाशी धरून बघा. कुबट वास आला तर म्हशीलाही घालू नका! तांदळाचा कोंडा तर लवकर खवट होतो, ताजाच घ्या. हगवणीत रक्त दिसलं तर आधी जनावरांचे डॉक्टर बोलवा.