रहीमसाहेबांवरची पत्रं
(वाचकांचे प्रश्न, जुन्या हाफची, म्हणजे मधल्या फळीत खेळलेल्या माणसाची उत्तरं)

मागच्या अंकात एका उत्तरात मी लिहून गेलो होतो, की भारतीय फुटबॉलला लाभलेला सगळ्यांत मोठा प्रशिक्षक म्हणजे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, बाकी सगळे त्यांच्या मागं. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. काही जणांनी आठवणी कळवल्या, काहींनी खडे फोडले. तेव्हा या वेळी दुसरा विषय नाही.

एवढा उदोउदो कशासाठी? १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा गोल खाऊन आलेला संघ याच रहीम यांचा होता ना?
– एक वाचक, सांगली

त्यांचाच होता. हेलसिंकीला युगोस्लाव्हियानं आपल्याला १०–१ असं धुतलं. आपले बरेचसे गडी अनवाणी खेळत होते. एकमेव गोल अहमद खानचा. त्याच्या आदल्याच वर्षी दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत रहीम यांच्याच संघानं इराणला १–० हरवून सुवर्ण घेतलं होतं, त्यामुळं हा मार जास्तच लागला.

पण माणूस मार खाऊन घरी आल्यावर काय करतो, ते बघायचं असतं. १९५३ मध्ये हंगेरीनं वेम्बलीवर इंग्लंडला ६–३ हरवलं. त्यांचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी पुढं उभाच राहायचा नाही, मागं सरकून खेळायचा. समोरच्या स्टॉपरची, म्हणजे मधल्या बचावपटूची, पंचाईत व्हायची. त्याच्यामागं गेला तर मधली जागा उघडी पडते, जागेवर राहिला तर हा मोकळा चेंडू खेळवतो. ही चाल रहीम यांनी उचलली आणि आपल्या पोरांच्या अंगात मुरवली. हे कुठल्या काळात? टीव्ही नव्हता, सामन्यांच्या फिती मागवायची सोय नव्हती. शाळेत शिकवणारा एक मास्तर हे करत होता.

१९५६ ला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी ४–२ हरवून आपण उपांत्य फेरीत गेलो. पहिल्या फेरीत हंगेरीनं माघार घेतल्यामुळं पुढं चाल मिळाली होती, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही पुन्हा पत्र लिहाल. उपांत्य फेरीत परत युगोस्लाव्हिया. पहिला गोल आपला! शेवटी ४–१ हरलो. ब्राँझच्या सामन्यात बल्गेरियानं ३–० हरवलं आणि चौथ्या नंबरावर राहिलो. मला विचाराल तर तो चौथा नंबर १९५१ आणि १९६२ च्या दोन्ही आशियाई सुवर्णांपेक्षा मोठा आहे. चार वर्षांत १०–१ वरून तिथं पोचलेला दुसरा संघ मला दाखवा.

आमचे वडील रोव्हर्स कपच्या गोष्टी सांगत. हैदराबाद पोलीस म्हणजे यांचाच संघ का?
– एक वाचक, गिरगाव, मुंबई

हो, हैदराबाद सिटी पोलीस. १९४३ पासून संघ रहीम यांच्या हाताखाली होता. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं त्यांनी रोव्हर्स मुंबईतून उचलून नेला. १९५० ची ड्युरँड स्पर्धाही त्यांचीच.

माझे थोरले काका लालबागला गिरणीत होते. पाळी संपली की कूपरेजचं फुटबॉल मैदान गाठायचे. मी हाफ खेळायला लागलो तेव्हा ते म्हणाले होते, "बाबा, त्या पोलिसांच्या संघात चेंडू पायात ठेवून घेणारा एकही नव्हता. आपण एकाकडं बघेपर्यंत चेंडू तिसऱ्याकडं गेलेला असायचा." घरच्या संघाला हरवून जाणाऱ्यांबद्दल मुंबईचा माणूस इतकं चांगलं बोलतोय, हे मी क्वचितच ऐकलंय. कलकत्त्याच्या मोठ्या क्लबांचं सोडा, हे ड्युटी करणारे पोलीस होते. तो रोव्हर्सही आता राहिला नाही, १८९१ पासूनची स्पर्धा बंद पडून वीस-पंचवीस वर्षं झाली.

रहीम यांच्या संघात आपले गोव्याचे कोणी होते का?
– एक वाचक, म्हापसा

होते की! मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसूझा मूळचे गोव्याचे, मुंबईत टाटांकडून खेळलेले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. त्या स्पर्धेत त्यांचे चार गोल झाले आणि सर्वाधिक गोल करणाऱ्यांत त्यांचं नाव बरोबरीनं लागलं. युगोस्लाव्हियाविरुद्धचा तो पहिला गोलही त्यांचाच. दुसरे कोलवाळचे फॉर्च्युनातो फ्रँको, १९६२ च्या सुवर्णविजेत्या संघातले हाफ. हाफ म्हटल्यावर माझा जीव तिकडं जरा जास्त ओढतो, हे वाचकांना ठाऊक आहे.

जकार्ताच्या फायनलमध्ये डोक्याला टाके पडलेला माणूस खेळवला म्हणतात. ही शौर्याची गोष्ट की निष्काळजीपणा? आज कुठल्या डॉक्टरनं परवानगी दिली असती का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

आज दिली नसती आणि देऊही नये. पण त्या निर्णयात शौर्यापेक्षा डोकं जास्त होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

१९६२ चे जकार्ताचे आशियाई खेळ. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियानं आपल्याला २–० हरवलं. नंतर थायलंडला ४–१ हरवलं, पण त्यात जर्नेल सिंगचं डोकं फुटलं आणि टाके घालावे लागले. जर्नेल म्हणजे स्टॉपर, बचावाचा खांब. जपानविरुद्ध तो नव्हता, तरी आपण २–० जिंकलो. आता उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनाम. स्टॉपरचं अर्धं काम डोक्यानं. उंचावरून आलेला प्रत्येक चेंडू त्याला हेड करावाच लागतो, तिथं निवड त्याच्या हातात नसते. टाके असलेला माणूस तिथं ठेवला तर दहा मिनिटांत बाहेर. पण पुढं खेळणाऱ्याला कुठला चेंडू घ्यायचा, कुठला सोडायचा, हे स्वतः ठरवता येतं. जर्नेल कॉलेजात फॉरवर्ड खेळलेला होता, हे रहीम यांच्या लक्षात होतं. त्यांनी त्याला सेंटर फॉरवर्डला टाकला आणि मागची बाजू अरुण घोषवर सोपवली. सामना ३–२ नं जिंकला, त्यात एक गोल जर्नेलचा.

फायनलला समोर पुन्हा कोरिया, आणि सेनायान स्टेडियमवर लाखभर माणसं आपल्या विरोधात. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नव्हतं. त्यावर आशियाई क्रीडा महासंघातले आपले गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली, म्हणून जकार्ता पेटलं होतं. त्याचा राग आपल्या खेळाडूंवर निघाला. राष्ट्रगीताच्या वेळीही हुर्यो. त्या गर्दीत आपल्या बाजूनं ओरडत होते पाकिस्तानचे हॉकी खेळाडू, असं आपले खेळाडू पुढं कित्येक वर्षं सांगत.

आदल्या रात्री रहीम यांनी पोरांना गोळा करून मला एक भेट हवी आहे, उद्या सोनं जिंका, एवढंच मागितलं म्हणतात. भाषणं सगळेच देतात, मी त्याला फार किंमत देत नाही. तापानं आजारी पडलेला थंगराज गोलमध्ये परत आणणं आणि डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलला पुन्हा पुढंच ठेवणं, सामना तिथं फिरला. सतराव्या मिनिटाला पीके बॅनर्जी, विसाव्या मिनिटाला जर्नेल. कोरियाचा गोल पार शेवटी शेवटी आला. २–१.

पुढच्या वर्षी, ११ जून १९६३ ला, कर्करोगानं रहीमसाहेब गेले. वय त्रेपन्न.

१९५० च्या वर्ल्ड कपला अनवाणी खेळू देईनात म्हणून आपण गेलो नाही, हे खरं का?
– एक वाचक, नाशिक

चावून चोथा झालेली दंतकथा. संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ, ही भारतीय फुटबॉल महासंघानं स्वतः दिलेली कारणं. खरं तर त्यांना ऑलिंपिक मोठं वाटायचं, वर्ल्ड कपचं वजन कळलंच नाही. यात रहीम यांचा दोष शून्य.

मग त्यांच्यानंतर सगळं का ओसरलं?
– एक वाचक, पुणे

लगेच ओसरलं नाही. १९६४ च्या आशिया कपमध्ये आपण दुसरे आलो, १९७० ला बँकॉकच्या आशियाई खेळांत ब्राँझ मिळालं. आशियाई खेळांतलं आपलं फुटबॉलचं तेच शेवटचं पदक.

माझं मत कडू आहे. महासंघानं रहीम यांच्याकडून पदकं घेतली, विद्या घेतली नाही. त्यांच्या हाताखाली चार-दोन तरुण प्रशिक्षक कायमचे बसवले असते तर ती पद्धत हैदराबादच्या बाहेर रुजली असती. तुळशीदास बलरामचंच बघा. अम्मुगुडाच्या गरीब घरातलं पोरगं, सरावाला यायला पैसे नाहीत. रहीम यांनी स्वतःच्या खिशातून सायकलच्या भाड्याचे पैसे दिले. तो बलराम पुढं १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरीविरुद्ध आणि पेरूविरुद्ध गोल करतो. ही शोधाशोध एका माणसाच्या खिशावर चालली होती. खिसा गेला, शोध थांबला. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ साली, म्हणजे ते जाऊन बावीस वर्षं झाल्यावर. त्यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम रोमच्या संघात होता, पुढं आंतरराष्ट्रीय पंचही झाला. आता हकीमही नाहीत, १९६२ चे कर्णधार चुनी गोस्वामी नाहीत, पीके नाहीत, बलराम नाहीत. रहीम यांच्यावर 'मैदान' हा सिनेमा निघाला म्हणून निदान त्यांचं नाव तरी पुन्हा घराघरांत गेलं.

काका, मी नववीत आहे, लेफ्ट हाफ खेळतो. माझा उजवा पाय अगदी लाकडाचा आहे. सर म्हणतात डावाच वापर, तो चांगला आहे. काय करू?
– एक वाचक, इचलकरंजी

सरांचं सामन्यात ऐक, सरावात माझं ऐक. रहीमसाहेब हैदराबादच्या पोरांसाठी खास स्पर्धा भरवायचे. एकीत फक्त कमजोर पाय वापरायचा, दुसरीत ड्रिबलिंगच बंद. चेंडू आला की द्यायचा. माझे काका जे कूपरेजवर बघून आले, ते तिथं तयार होत होतं.

गांधी मैदानावर मी पोरांना हे खेळवतो. माझे नियम असे. पाच-पाच जण, मैदान लहान, गोल म्हणजे दोन विटा. पहिली दहा मिनिटं फक्त दोन टच. तिसरा टच झाला की चेंडू समोरच्यांना. पुढची दहा मिनिटं फक्त उलटा पाय. पहिले काही दिवस खेळ इतका भिकार होतो की येणारे-जाणारे हसतात. हसू देत. साधारण दुसऱ्या महिन्यात एक दिवस उजव्या पायानं पास जातो आणि तुझ्या ते लक्षातही येत नाही. तोवर उजव्यानं जोरात मारायच्या भानगडीत पडू नकोस, आधी चेंडू थांबवायला शिक.

आणि पंच म्हणून संघातला दोस्त उभा करू नकोस, एखादा खडूस माणूस पकड. "दोनच टच होते" म्हणून पोरं जाम भांडतात.