गीतलेखन कसं सुधारावं? माझे शब्द चालीत घातले की अडखळतात

तुम्ही लिहिलंय की कविता वाचताना बरी वाटते, पण मित्रानं चाल लावली की दोन-तीन जागी शब्द अडकतात आणि मग तो मित्र स्वतःच शब्द बदलून टाकतो. पुढं विचारलंय की पुस्तकं कुठली वाचू, यमकाचं ॲप वापरू का. ॲपचं सोडा. "स्वतःच शब्द बदलतो" हे वाचलं आणि माझी जुनी जखम ठणकली.

माझं कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, पत्रिका आणि हँडबिलं छापायचं दुकान. गाणी लिहितो ती मंडळांची, देवाची, निवडणूक आली की उमेदवाराचीही. २००७ ला चैत्र यात्रेसाठी ज्योतिबाच्या गाण्यांची सीडी काढायचं ठरलं. चाली आणि ढोलकी आत्तेभावाची, शब्द माझे. मुखडा असा होता:

सासनकाठी नाचत आली, गुलालात भिजला डोंगर
चांगभलंच्या गजरानं या दुमदुमले सारे अंबर

मात्रा मोजून बघा (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन): स्वल्पविरामाआधी किंवा 'या'पर्यंत १६ आणि पुढं १४, दोन्ही ओळींत चोख. पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर, म्हणजे ज्योतिबाच्या डोंगरावर, गेलेल्याला 'गुलालात भिजला डोंगर' समजावून सांगावं लागत नाही. पायऱ्या, छपरं, माणसांच्या पापण्यासुद्धा गुलाबी झालेल्या असतात. त्या ओळीवर मी खूश होतो.

स्टुडिओत गाणारा पोरगा नेमका तिथंच अडकला. ठेका केरव्याचा, आठ मात्रांचा. दुसऱ्या तुकड्यात माझ्या १४ मात्रा, म्हणजे ठेक्याच्या दोन फेऱ्यांना, दोन आवर्तनांना, दोन कमी पडतात, त्या शेवटच्या अक्षरानं ओढून भरायच्या. आणि माझं शेवटचं अक्षर 'र'. आपण 'डोंगर' लिहितो, पण म्हणताना तो 'डोंगर्' असतो. शेवटचा अ कागदावर असतो, तोंडात नसतो. पोरानं 'र' ओढला की 'डोंगरा' व्हायचं, म्हणजे डोंगराला हाक मारल्यासारखं. 'ग' ओढला की शब्द मधेच मोडायचा. सहा टेक झाले. स्टुडिओचं भाडं तासावर.

आत्तेभावानं ढोलकी खाली ठेवली. "तिथं आकार पायजे. 'सारा' म्हण." आकार म्हणजे शेवटी 'आ'. झालं. पाच मिनिटांत नवा मुखडा:

सासनकाठी नाचत आली, गुलालात भिजला सारा
चांगभलंच्या गजरानं या दुमदुमला डोंगर-वारा

पोरगा पहिल्याच टेकला मोकळा गायला. मी काचेपलीकडं बसून ओरडत होतो, "कोण सारा? शेतसारा?" कुणी ऐकलं नाही. 'डोंगर-वारा' वाईट नाही, खरं तर माझ्या 'अंबर'पेक्षा बरंच आहे. पेठेत आभाळाला अंबर कोण म्हणतं? पण 'भिजला सारा' म्हणजे काय भिजलं, ते आजतागायत त्याला सांगता आलेलं नाही.

परत येताना गाडीवर, दसरा चौकाच्या सिग्नलला, ओळ सुचली:

सासनकाठी नाचत आली, गुलालात डोंगर न्हाला
चांगभलं म्हणताना माझा कंठ कसा भरून आला

डोंगर घालवायची गरजच नव्हती. एक घर अलीकडं सरकवला की शेवटी 'न्हाला' येतो, त्याला आकार आहे, मात्रा तेवढ्याच, आणि देवाच्या डोंगराला 'भिजला'पेक्षा 'न्हाला'च शोभतो. घरी पोचल्या पोचल्या फोन केला. पलीकडून उत्तर, "मिक्सिंग झालं, आता झोप." सीडी 'सारा' घेऊनच यात्रेत विकली गेली. माझ्या दुकानासमोरच्या मंडळानं ती दोन वर्षं वाजवली आणि मी शटर अर्धं ओढून पत्रिका छापल्या.

आत्तेभावाचं म्हणणं अजून तेच. "जगदीश खेबुडकर मास्तर होते. पोरांसमोर रोज मोठ्यानं बोलायची सवय, म्हणून त्यांची गाणी तोंडात बसतात. तू बापासारखा खिळे जुळवणारा, तुझे शब्द डोळ्याला गोड." गीतकार खेबुडकर शाळामास्तर होते हे खरं, आणि माझा बाप छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा हेही; बाकीचा शोध त्याचा. पण माझ्याबद्दलचं अर्धं त्याला मी देऊन टाकलंय. मी ओळ लिहायचो, म्हणायचो नाही. आता टेबलावर ठेका धरून म्हटल्याशिवाय कागदावर घेत नाही, आणि लिहून झाली की बायकोच्या हातात देतो. तिला चाल माहीत नसते. ती जिथं थबकते तिथं पेन्सिलीची खूण. ओढायच्या जागेवर शेवटी आ, ओ, ए असेल तर गाणारा दुवा देतो. ऱ्हस्व इ-उ ओढले की दीर्घ होतात आणि शब्द वेगळाच ऐकू येतो.

उरलेलं अर्धं मात्र मी देणार नाही. ढोलकीवाल्याला शब्द कुठं टोचतो ते कळतं. त्याच्या जागी काय यावं ते कळतंच असं नाही, आणि स्टुडिओचं मीटर चालू असताना तर नाहीच. घाईत हाताला लागतात ते सारा, आज, हा, जणू, गं, रे. मात्रा भरतात आणि पोट रिकामं. तुमच्या मित्रानं शब्द बदलला तर त्याच्यावर रागावू नका, तो कुठं अडला तेवढं विचारून घ्या आणि वही घेऊन घरी जा. आधी तेच शब्द मागंपुढं सरकवून बघा. मराठीत क्रियापद शेवटीच पाहिजे असं नाही, कर्ताही हवा तिथं बसतो, ही सोय फुकटची आहे. सरकवून जमलं नाही तरच नवा शब्द.

पुस्तकांचं राहिलं. छंदांचं कुठलंही एक चालेल. त्यापेक्षा आजीकडून जात्यावरच्या ओव्या ऐकायला मिळाल्या तर सोडू नका. अक्षरं कमी-जास्त असतात आणि तरी गळ्यात अडत नाहीत, ते कसं होतं हे बघण्यासारखं आहे.

आणि हे सगळं ठेक्याच्या, गर्दीनं म्हणायच्या गाण्याबद्दल. भावगीतात 'डोंगर'सारखा अकारान्त शेवट भरपूर चालतो, चाल लावणारा जाणता असेल तर तो ओढ आधीच्या अक्षरावर घेतो. आत्तेभावाला तेव्हा तसं करता आलं असतं. चाल त्याचीच होती ना! हे त्याला मी अजून बोललेलो नाही, या उत्तराची लिंक पाठवणार आहे.

माझ्या दुसऱ्या ओळीत 'माझा' आणि 'कंठ' यांच्या मधेच श्वास पडतो, आणि 'कसा' निव्वळ भरतीचा आहे, दोन्ही मला दिसतंय. 'कसा'च्या जागी तीन मात्रांचा चांगला शब्द सुचला तर खाली लिहा. २००७ पासून शोधतोय.