बंड की चाचेगिरी?

प्रश्न असा आहे: व्यापारी शिडाच्या जहाजावरच्या खलाशांनीच कप्तानाला उतरवून जहाज पळवले, तर भाषांतरात ‘बंड’ लिहावे की ‘चाचेगिरी’? ‘फितुरी’ चालेल का?

फितुरी नको. किल्लेदार फितूर होतो तेव्हा तो बाहेरच्या शत्रूला सामील असतो. इथे बाहेर कोणी नाही. ‘उठाव’ म्हटले की मागे काहीतरी मोठे ध्येय असल्यासारखे वाटते. थकलेल्या पगारावरून पेटलेल्या खलाशांना ‘बंड’च शोभते.

पण बंड संपून चाचेगिरी कुठे सुरू होते? हेन्री एव्हरी या इंग्रज खलाशाचे प्रकरण पाहा. १६९४ चा मे महिना, स्पेनचे ला कोरुन्या बंदर. ‘चार्ल्स दुसरा’ हे लंडनच्या धनिकांचे खासगी जहाज तिथे अडकून पडलेले, पगार कित्येक महिने थकलेले. रात्री एक होडी जहाजाला लागली आणि खालून हाक आली, “तो दारुडा बोसन आहे का वर?” ही कटाची खूण होती. (बोसन म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. त्याला आपल्याकडे सारंग म्हणत; पण स्पेनच्या बंदरात सारंग जरा उपराच वाटतो.) आजारी कप्तानाला होडीत बसवून किनाऱ्याकडे पाठवले. इथवर बंड. पुढच्या वर्षी याच मंडळींनी सुरतेकडे परतणारे, हाजींनी भरलेले औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ लुटले. ही चाचेगिरी, यात वाद नाही.

गंमत १६९६ च्या लंडनमधल्या खटल्यात आहे. ‘गंज-ए-सवाई’च्या लुटीतून ज्यूरीने आरोपींना सोडले. मग स्वतःचेच जहाज पळवल्याबद्दल त्यांच्यावर पुन्हा चाचेगिरीचाच खटला भरला आणि पाच जण फासावर गेले. म्हणजे त्या काळच्या इंग्रजी कायद्याला आपले जहाज बळकावणे हीसुद्धा चाचेगिरीच होती. १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी करार मात्र चाचेगिरीसाठी दोन जहाजे मागतो: एक लुटणारे, एक लुटले जाणारे.

तेव्हा मूळ मजकूर त्या काळच्या न्यायालयाचा असेल तर ‘चाचेगिरी’ ठेवा. कथा-कादंबरी असेल तर ‘बंड करून जहाज बळकावले’ लिहा, आणि ते दुसऱ्याच्या जहाजावर चालून जाईपर्यंत ‘चाचे’ राखून ठेवा.

आणि कृपा करून ‘समुद्री चाचे’ नको. चाचा असतोच समुद्रावर. ते पिवळे पीतांबर झाले. हिंदीतल्या काकाच्या धास्तीने वर्तमानपत्रे ‘समुद्री’ जोडत असतील, पण जहाज लुटायला कोणाचा काका येणार आहे?